फ्लॅश नसलेला कॅमेरा घ्यावा का?

औशात किंवा लातूरच्या बाजारात कॅमेरा बदलायचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. पैसे ज्यांनी द्यायचे असतात, ते घरातले वडीलधारे नवा कॅमेरा उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, "ह्याचा फ्लॅश कुठंय?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो. "मग आधीचाच बरा होता की! एवढे पैसे घालून फ्लॅश बी नाही?"

प्रश्न रास्त आहे, कारण वरवर पाहता कारभार उलटाच दिसतो. कॅननचा 1300डी किंवा 1500डी, निकॉनचा डी3500 हे सगळ्यांत स्वस्त डीएसएलआर. त्यांच्या डोक्यावर टपकन वर येणारा फ्लॅश असतो. त्याच्या वरच्या पायरीवरच्या कॅनन 80डी, निकॉन डी7500 यांनाही तो आहे. आणखी एक पायरी चढून फुल फ्रेमकडे जावं, तर कॅननचा 6डी, 6डी मार्क टू, 5डीच्या सगळ्या आवृत्त्या यांच्या डोक्यावर काहीच नाही. लग्नाच्या कामाला लागलेला पोरगा तीन-चार सीझन 1500डीवर काढतो, पैसे साठवतो, जुना 6डी मार्क टू पाहतो आणि नेमका इथंच अडतो.

फुल फ्रेमला फ्लॅश बसतच नाही, असं काही दुकानदार सांगतात. ते खरं नाही. निकॉनच्या 2008च्या डी700ला फ्लॅश होता, 2014च्या डी750लाही होता, आणि दोन्ही फुल फ्रेम. पण त्याच निकॉननं 2017च्या डी850मधून आणि 2020च्या डी780मधून तो काढून टाकला. म्हणजे बसवता येत होता, तरी ठेवला नाही. फ्लॅशची उघडझाप होणारी बिजागरी म्हणजे पाणी-धूळ आत शिरायला एक फट. फुल फ्रेमचा व्ह्यूफाइंडरचा प्रिझमही मोठा असतो, त्याच्यावर जागा कमी उरते. तरी माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. 2007-08पासून सेन्सर इतके सुधारले की जिथं पूर्वी फ्लॅशशिवाय फोटोच निघत नव्हता, तिथं आयएसओ वाढवून तो निघू लागला. आणि ज्याला फ्लॅशचा खरा प्रकाश लागतो तो बाहेरचा मोठा फ्लॅश लावतोच. कंपन्यांनी हिशेब केला आणि डोक्यावरचा काढला.

लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्याच्या आतच फ्लॅश बसवण्याची सुरुवात पेंटॅक्सनं 1987मध्ये एसएफएक्स या फिल्मच्या मॉडेलपासून केली. तेव्हा ती मोठी सोय होती. लोकांकडे 100 किंवा 200 आयएसओचा रोल असायचा, घरात एका बल्बचा उजेड, आणि बारशाचा फोटो काढायचा. त्या परिस्थितीसाठी तयार झालेली ही वस्तू आहे. आजची परिस्थिती तीच आहे का, एवढंच आपल्याला तपासायचं आहे.

फ्लॅशची ताकद एका आकड्यात मोजतात, त्याला गाइड नंबर म्हणतात. आकडा सोपा आहे. गाइड नंबरला अॅपर्चरच्या आकड्यानं भागलं की फ्लॅशचा उजेड किती मीटरपर्यंत नीट पोचेल ते कळतं, आयएसओ 100 धरून. 1300डी-1500डीच्या फ्लॅशचा गाइड नंबर आहे सुमारे 9. किट लेन्स झूम केली की अॅपर्चर एफ 5.6वर येतं. 9 भागिले 5.6, म्हणजे दीड मीटरच्या थोडं पुढं. आयएसओ चौपट केला की अंतर दुप्पट होतं, म्हणून 400 आयएसओला सव्वातीन मीटर आणि 1600ला साडेसहा मीटर.

आता मंगल कार्यालयातलं चित्र डोळ्यांसमोर आणा. स्टेजच्या कठड्यापासून नवरा-नवरी चार-पाच मीटर आत. पुढं करवल्या, मामा, व्हिडिओवाला आणि त्याचा लाईट धरणारा पोरगा. 400 आयएसओवर त्या जोडप्यापर्यंत उजेड पोचणारच नाही. पोचवायला 1600 लावला, तर लहान सेन्सरवर काळ्या शेरवानीत दाणे दिसायला लागतात. शिवाय प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. ग्रुप फोटोत पुढची रांग दीड मीटरवर आणि मागची तीन मीटरवर असेल, तर मागच्यांच्या वाट्याला पुढच्यांच्या चौथा हिस्सा उजेड येतो. पुढं बसलेली लेकरं पांढरीफटक, मागं उभे असलेले काका-मामा अंधारात. फोटो बिघडला म्हणून फोटोग्राफरला बोल लागतो; दोष असतो फ्लॅशच्या जागेचा आणि ताकदीचा.

अक्षतांच्या वेळी तर या छोट्या फ्लॅशची पुरती परीक्षा होते. मंगलाष्टकं संपत आली, "सावधान" झालं, अंतरपाट सरकला, शेकडो हातांतून तांदूळ उडाले. हवेतला जो दाणा लेन्सपासून हातभर अंतरावर आहे, त्याच्यावर फ्लॅशचा उजेड कित्येक पटींनी जास्त पडतो, कारण फ्लॅश लेन्सच्या अगदी वर, चार बोटांवर आहे. मग फोटोत तांदूळ दिसत नाहीत, मोठमोठे पांढरे गोळे दिसतात, आणि त्यांच्यामागं अंधुक झालेले वधूवर. मे महिन्यातल्या वरातीत धुळीचं आणि गुलालाचंही असंच होतं. एकदा लखलखला की हा फ्लॅश पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद घेतो. अक्षतांचा क्षण तेवढाही नसतो. पहिली फ्रेम बिघडली तर दुसरी मिळतच नाही. त्यात कॅमेरा खऱ्या लखलखाटाच्या आधी प्रकाश मोजायला एक बारीक लखलखाट करतो, तेवढ्यात काही जणांच्या पापण्या मिटतात.

लाल डोळ्यांचं कारणही हेच. लेन्सच्या जवळून गेलेला उजेड मोठ्या झालेल्या बाहुलीतून थेट मागच्या पडद्यावर पडतो आणि तिथल्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन त्याच वाटेनं लेन्समध्ये परत येतो. फ्लॅश हातभर बाजूला धरला की ही वाट मोडते. वाइड लेन्स लावून पुढं हूड ठेवला, तर या बुटक्या फ्लॅशच्या उजेडात हूडची सावली फोटोच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी उमटते. हे मी आवर्जून सांगतो, कारण लेन्स खराब निघाली असं समजून ती दुकानात परत घेऊन जाणारे कितीतरी जण आहेत.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग हा फ्लॅश निरुपयोगीच. तसं मात्र नाही. भर दुपारी शेतातल्या मांडवाच्या दारात ऊन पाठीमागून येतंय, नवरीच्या डोईवर पदर, चेहरा सावलीत. दीड मीटरवरून या छोट्या फ्लॅशनं चेहऱ्यावर हलका उजेड टाकला की डोळ्यांत ठिपका येतो, कपाळावरची मुंडावळी उठून दिसते. जवळचा एक चेहरा, पाठीमागे ऊन, हे त्याचं खरं काम. आणि त्याचं आणखी एक काम आहे, ज्याच्याकडे लोक पाहतच नाहीत. ते कळायला खरोशाला जावं लागेल.

खरोसा औसा तालुक्यातलंच, औशाहून निलंग्याकडे जाताना. टेकडीत कोरलेली लेणी, साधारण सहाव्या शतकातली. दगड जांभा, अंगानं खरबरीत, बेसाल्टसारखी धार धरणारा नव्हे. शेकडो वर्षांच्या झिजेनं भिंतीवरचे शिल्पपट पुसट झालेत. जेम्स बर्जेस यांनी 1878 साली बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या प्राचीन वास्तूंचा जो अहवाल छापला, त्यात या लेण्यांची नोंद आहे. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. अशा भिंतीसमोर उभं राहून कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवला तर काय होतं? उजेड समोरून सपाट पडतो, कुठंही सावली पडत नाही, आणि कोरीवकाम अक्षरशः नाहीसं होतं. फोटोत उरते फक्त तांबूस डागांची भिंत. शिल्पाचा उठाव आपल्याला दिसतो तो सावलीमुळे. तोच फ्लॅश भिंतीला चिकटून, बाजूनं, तिरपा टाकला तर हाताचा कोपर, मुकुटाची कड, चालत्या पायाचा वाक सगळं पुन्हा वर येतं. डोळ्यांना जे जेमतेम दिसत होतं ते फोटोत स्पष्ट दिसतं. ज्यानं हा फरक एकदा स्वतः पाहिला, तो पुन्हा कधी फ्लॅश समोरून मारत नाही. (अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश वापरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. कुठल्याही लेण्यात आधी विचारावं, मगच उजेड टाकावा.)

बाजूनं उजेड टाकायचा तर फ्लॅश कॅमेऱ्यापासून सुटा हवा, आणि सुट्या फ्लॅशला "आता पेट" असं सांगणारं कुणीतरी हवं. ते सांगण्याचं काम डोक्यावरचा छोटा फ्लॅश करू शकतो. कॅननच्या 7डीपासून, म्हणजे 2009पासून, 60डी, 600डी, 70डी, 80डी अशा बऱ्याच बॉडींत ही सोय आहे. निकॉनमध्ये डी90, डी7000ची मालिका, डी750 यांत ती कमांडर मोड या नावानं असते. डी3000 आणि डी5000च्या मालिकांत ती नाही. छोटा फ्लॅश बारीक लखलखाटांच्या खुणा करतो, त्या खुणा त्याच कंपनीचा किंवा तशा पद्धतीचा मोठा फ्लॅश ओळखतो आणि सांगितल्याप्रमाणे पेटतो. वेगळा ट्रिगर घ्यावा लागत नाही.

ज्या बॉडींत ही सोय नाही तिथंही एक गावठी पण पक्का मार्ग आहे. योंगनुओ, गोडॉक्स यांच्या साध्या मॅन्युअल फ्लॅशवर एस1 आणि एस2 असे दोन मोड असतात. एस1मध्ये तो दुसरा कुठलाही फ्लॅश दिसला की पेटतो. एस2मध्ये आधीचा मोजणीचा लखलखाट सोडून देतो आणि खऱ्या लखलखाटाबरोबर पेटतो. म्हणजे 1300डीच्या डोक्यावरचा फ्लॅश कमी ताकदीवर ठेवायचा, मोठा फ्लॅश एस2वर करून भिंतीच्या कडेला मित्राच्या हातात द्यायचा, आणि खरोशाची भिंत उजळायची. बंद खोलीत किंवा लेण्यात हे उत्तम चालतं. भर उन्हात मोठ्या फ्लॅशच्या डोळ्याला खूण दिसत नाही. लग्नात तर चालतच नाही, कारण पाहुण्यांपैकी कुणीही फ्लॅश उडवला की आपला फ्लॅश त्याच्यासाठी पेटतो.

आता एक गोष्ट, जी कॅमेऱ्याच्या खोक्यावर लिहिलेली नसते. कॅननच्या 1500डी, 3000डी आणि 200डी मार्क टू या बॉडींच्या हॉट-शूमध्ये, म्हणजे बाहेरचा फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधली मोठी पिनच नाही. साधा फ्लॅश पेटवायचा इशारा बहुतेक सगळ्या कंपन्यांमध्ये याच मधल्या पिनेवरून जातो. ती काढली, म्हणून साधा मॅन्युअल फ्लॅश किंवा स्वस्त रेडिओ ट्रिगर या बॉडीवर बसतो, पण पेटत नाही. कॅननचा स्वतःचा फ्लॅश मात्र चालतो. ज्यानं कुणाच्या सांगण्यावरून स्वस्तातला फ्लॅश मागवला आणि तो पेटेना म्हणून खराब समजून परत पाठवला, त्याला हे आधी कुणी सांगायला हवं होतं. आणि मग हेही लक्षात येतं: या अगदी खालच्या बॉडींत डोक्यावरच्या फ्लॅशचं मोल सगळ्यांत जास्त आहे, कारण बाहेरच्या साध्या फ्लॅशला पेटवायचा तोच एक सोपा दरवाजा उरतो. वरच्या बॉडीला ती पिन असते, ट्रिगर लावता येतो, म्हणून तिथं डोक्यावरचा फ्लॅश नसला तरी अडत नाही. 1500डी सोडून 6डी मार्क टूकडे जाणाऱ्याचा फ्लॅश जातो, पण मधली पिन परत मिळते. या अदलाबदलीत तो फायद्यात आहे.

फ्लॅश मुळीच न वापरायचे प्रसंगही औशात भरपूर. इथल्या नाथ संप्रदायाच्या मठाची, औसेकर महाराजांची, चक्रीभजनाची परंपरा आहे. अभंग म्हणत भजनी चक्राकार फिरतात, टाळ-मृदंगाचा ठेका चढत जातो, आणि ज्यांना तो रंग चढलाय त्यांच्या तोंडावर फ्लॅश उडवणं हा सरळ अपराध आहे. परवानगी असली तरी उडवू नये. इथं लागतो एफ 1.8चा 50 एमएम, आयएसओ 3200 किंवा 6400, आणि अंधारात फोकस पकडणारी बॉडी. कॅननच्या खालच्या बॉडी अंधारात फोकस मिळवायला डोक्यावरच्या फ्लॅशचेच भराभर लखलखाट करतात. भजनात हे आणखी वाईट. ते मेनूमध्ये जाऊन बंद करावं लागतं, आणि बंद केलं की फोकस इकडेतिकडे भटकतो. 6डी आणि 6डी मार्क टूचा मधला फोकस पॉइंट उणे तीन ईव्हीपर्यंत, म्हणजे साधारण चांदण्याएवढ्या उजेडातही काम करतो. भजन-कीर्तनाचे फोटो ज्याला मनापासून काढायचेत, त्यानं फ्लॅशचा विचार बाजूला ठेवून हाच गुण पाहावा. तिथं खरी प्रगती आहे.

बाहेरचा मोठा फ्लॅश घेतला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. निकॉनच्या एसबी-700चा गाइड नंबर 35 एमएमला 28 आहे, डी7500च्या डोक्यावरच्याचा 12. म्हणजे अंतर सव्वादोन पटीपेक्षा थोडं जास्त, उजेड पाचपटीहून अधिक. मात्र खोक्यावरचे आकडे एकमेकांशी तोलताना जपावं. काही कंपन्या 200 एमएमच्या झूमवर मोजलेला 60 असा आकडा छापतात. वाइड लेन्सवर तोच फ्लॅश बराच खाली येतो. मोठ्या फ्लॅशची खरी खुबी म्हणजे त्याचं डोकं वळतं आणि उजेड छताला मारून खाली मऊ आणता येतो. पण छत कसलं आहे? मांडवाचं कापड केशरी असेल तर सगळी वऱ्हाडी मंडळी केशरी होतात. कार्यालयाला उंच पत्र्याचं शेड असेल तर उजेड वरच विरून जातो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतलं माळवद म्हणजे काळवंडलेल्या फळ्या आणि तुळया, त्या उजेड गिळतात.

या तालुक्यात घरांची छतं कशी बदलली, त्यामागं मोठं दुःख आहे. किल्लारी औसा तालुक्यातलीच. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती, माळवदाचं ओझं झोपेतल्या माणसांवर कोसळलं. त्यानंतरच्या पुनर्वसित वस्त्यांत सिमेंट-काँक्रीटची घरं आली. अशा घरात पांढरा चुना दिलेल्या सपाट छताखाली हळदीचा कार्यक्रम असेल, तर छतावरून आणलेला उजेड फार सुंदर पडतो. जुन्या वाड्यात त्याच फ्लॅशला पांढरी छत्री किंवा पांढऱ्या भिंतीचा कोपरा शोधावा लागतो. फ्लॅश घेण्याआधी आपली कामं कुठल्या छताखाली होतात, हे पाहायला हवं.

मग बदल करावा तर कसा? लग्नं, साखरपुडे, बारशी हे ज्याचं पोट आहे, त्यानं डोक्यावरच्या फ्लॅशकडे पाहूच नये. बॉडीच्या पैशातून थोडे वाचवून एक बाहेरचा फ्लॅश आणि एक ट्रिगर आधी घ्यावा, उरलेल्यात बॉडी बसवावी. एकच बॉडी, एकच लेन्स घेऊन हौसेनं फिरणारा, किल्ल्याच्या तटावर आणि लेण्यांत रमणारा, त्याला 80डी किंवा डी7500 हेच जास्त सोयीचं. पिशवीत वेगळं काही न ठेवता दुपारच्या उन्हात चेहरा उजळता येतो आणि लागेल तेव्हा सुटा फ्लॅशही पेटवता येतो. मुलांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आणि घरच्या कार्यासाठी कॅमेरा ठेवणाऱ्याला बदल करायची गरजच बहुधा नसते. त्यानं 50 एमएम एफ 1.8 घ्यावी, जुन्याच बॉडीवर फरक दिसेल.

डीएसएलआरचे दिवस मावळतीकडे आहेत हेही या हिशेबात धरावं. कॅननच्या प्रमुखांनीच 2021च्या डिसेंबरात 1डी एक्स मार्क थ्री हा आपला शेवटचा सर्वोच्च डीएसएलआर असेल असं सांगितलं. म्हणून आज नवा बदल करणारा बहुतेक वेळा मिररलेसकडे वळतो, आणि तिथं हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. कॅननच्या आर50ला आणि निकॉनच्या झेड50ला डोक्यावर फ्लॅश आहे, कॅननच्या आर7ला नाही, सोनीच्या ए7च्या मालिकेला नाही. पण आर50च्या हॉट-शूची रचनाच नवी आहे, जुना कॅनन फ्लॅश तिच्यावर थेट चालत नाही, एडी-ई1 नावाचा वेगळा अॅडाप्टर लागतो. म्हणून दुकानात जाताना आपल्याकडे असलेला फ्लॅश, त्याचा ट्रिगर आणि चार भरलेले सेल पिशवीत टाकून न्यावेत. जी बॉडी घ्यायची तिच्यावर तो फ्लॅश तिथंच बसवावा, शटर दाबावं, पेटतो का ते डोळ्यांनी पाहावं. जुनी बॉडी घेत असाल तर डोक्यावरचा फ्लॅशही एकदा वर काढून लागोपाठ चार-पाच वेळा उडवून पाहावा, कारण कित्येक वर्षं न उघडलेली ती बिजागरी कधी अडकलेली असते आणि विकणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो.